भरती किती वाजता येते? : इयत्ता सातवीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

कोपरखैरणे परिसरातील एका अनुदानित मराठी शाळेत मी इयत्ता सातवीला भूगोल आणि गणित शिकवते. शाळा सकाळच्या सत्रात भरते. वर्गात चाळीसहून थोडी अधिक मुले आहेत आणि त्यांची घरे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. काही मुले गावठाणातल्या आगरी-कोळी कुटुंबांतली आहेत. त्यांच्या घरातले एखादे वडीलधारे माणूस अजून खाडीत जाळे टाकते, बाकीची मंडळी नोकरी-धंद्याला लागली आहेत. संख्येने मोठा गट वाशीच्या बाजार समितीत काम करणाऱ्या माथाडी कामगारांच्या मुलांचा आहे. त्यांची मूळ गावे सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांत असून मे महिन्यात आणि गणपतीत ती हमखास गावी जातात. दोन्ही गटांची घरे ठाणे खाडीपासून फार दूर नाहीत, तरीही दुसऱ्या गटातल्या कित्येक मुलांनी खाडी पाहिली आहे ती केवळ बसच्या किंवा लोकलच्या खिडकीतून, वाशीचा पूल ओलांडताना. त्या वेळी पाणी चढते होते की उतरते, हे पाहण्याचे त्यांना काही कारणच नव्हते. हा तपशील सुरुवातीला सांगण्याचे कारण असे की, तो मी स्वतः पाठाचे नियोजन करताना विचारात घेतला नव्हता.

सातवीच्या भूगोलात ‘सूर्य, चंद्र व पृथ्वी’ या पाठानंतर ‘भरती-ओहोटी’ हा तिसरा पाठ येतो आणि शाळेच्या वार्षिक नियोजनात त्याची पाळी जुलैमध्ये लागते. जुलै हा या विषयासाठी जितका सोयीचा तितकाच गैरसोयीचा महिना आहे. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या बातम्या रोज कानांवर पडत असतात, मात्र ज्या चंद्रामुळे हे सारे घडते तो ढगांआड असल्याने आठवडेच्या आठवडे दिसत नाही. ‘आज रात्री चंद्र पाहून या’ असा गृहपाठ नवी मुंबईत जुलैमध्ये देणे म्हणजे मुलांना खोटे लिहायला शिकवणे होय.

पहिला तास

या पाठासाठी मी भरपूर तयारी केली होती. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरील साहित्य आधीच उतरवून ठेवले होते, कारण आमच्या ई-लर्निंग कक्षात पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसतो. त्याशिवाय तीन छोट्या चित्रफिती निवडल्या होत्या. पहिलीत पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र आणि त्याच्याबरोबर सरकणारा पाण्याचा निळा फुगवटा होता. दुसरीत एका बंदरातल्या होड्या ओहोटीला चिखलात बसताना आणि भरतीला पुन्हा तरंगताना दिसत होत्या. तिसरीत अमावास्या, पौर्णिमा आणि अष्टमी या दिवशींच्या सूर्य-चंद्रांच्या स्थिती होत्या. शेवटी पडद्यावरची प्रश्नमंजूषा होती. मुले एकदम शांत होती, प्रश्नमंजूषेला हात धडाधड वर होत होते, आणि त्या दिवशी पाठ पाहायला आलेल्या मुख्याध्यापिकांनी लॉगबुकात ‘तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’ असा शेरा लिहिला. तो शेरा वाचून मला आनंद झाला होता, हे येथे नोंदवले पाहिजे.

पहिली चित्रफीत संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या काही सेकंदांत मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो पाटण तालुक्यातला. बोलण्यात आता मुंबईची ढब आली आहे. त्याने विचारले, “बाई, चंद्र तर आमच्या गावालापण दिसतो. मग कोयनेच्या धरणाला भरती का नाही येत?” मी म्हणाले, “चांगला प्रश्न आहे, आपण शेवटी घेऊ.” आणि दुसरी चित्रफीत सुरू केली. तासिका पस्तीस मिनिटांची असते. शेवटी प्रश्नमंजूषा झाली, घंटा झाली आणि त्याचा प्रश्न राहून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने तो पुन्हा विचारला नाही आणि मलाही तो आठवला नाही.

घटक चाचणीत काय दिसले

घटक चाचणीत या पाठावर मी दोन प्रश्न घातले होते. पहिला प्रश्न पुस्तकी होता : दिवसातून दोन वेळा भरती का येते? दुसरा मी स्वतः तयार केला होता : आज दुपारी एक वाजता भरती असेल, तर उद्या दुपारची भरती साधारण किती वाजता येईल?

पहिल्या प्रश्नाला निम्म्याहून अधिक मुलांनी ‘चंद्र पाणी ओढतो म्हणून’ एवढेच उत्तर लिहिले होते. हे उत्तर चुकीचे म्हणता येत नाही, मात्र त्यातून एका भरतीचे कारण कळते, दोन भरतींचे कळत नाही. चंद्र ज्या बाजूला आहे तिकडचे पाणी त्याच्याकडे ओढले जात असेल, तर नेमक्या विरुद्ध बाजूचे पाणी का फुगावे, हा या पाठाचा गाभा आहे आणि तोच बहुतेकांच्या हाती लागला नव्हता. काहींनी आकृती काढली होती. तीत पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना निळे फुगवटे अगदी चित्रफितीतल्यासारखे होते. आकृती पूर्ण बरोबर आणि खाली लिहिलेले कारण अपुरे, अशा उत्तरपत्रिका मी तोवर एवढ्या संख्येने पाहिल्या नव्हत्या. डोळ्यांनी जे पाहिले ते मुलांनी जसेच्या तसे उतरवले होते. विरुद्ध बाजूचा फुगवटा त्यांना खटकावा अशी संधीच मी दिली नव्हती, कारण चित्रफितीत तो पहिल्या क्षणापासून तयारच होता.

दुसऱ्या प्रश्नाची स्थिती याहून बोलकी होती. दोन भरतींमध्ये १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते हा आकडा अनेकांना पाठ होता. गाळलेल्या जागा भरताना त्यांनी तो अचूक लिहिला होता. तरीही ‘उद्या किती वाजता’ या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ‘एक वाजता’ असेच होते. बारा तास पंचवीस मिनिटांची दुप्पट करावी, ती चोवीस तासांहून पन्नास मिनिटांनी जास्त भरते आणि म्हणून भरती रोज पुढे सरकते, हे गणित मुलांना येत नव्हते असे नाही. भूगोलाच्या पेपरात ते करायचे असते, हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

एका उत्तरपत्रिकेत मात्र ‘उद्या पावणेदोन वाजता’ असे लिहिले होते आणि समासात बारीक अक्षरांत जोडले होते : ‘तिथी वाढली की पाऊण तास.’

तिथीची पाऊणपट

ती मुलगी गावठाणातली, वर्गात फारशी न बोलणारी. मी तिला मधल्या सुट्टीत बोलावून विचारले, तेव्हा आपले काही चुकले असावे असे समजून ती आधी गप्प राहिली आणि मग म्हणाली, “आमचा आजा बोलतो, तिथीची पाऊण करायची. चौथ असेल तर तीन वाजता पाणी भरतं.”

हा हिशोब कोकण किनाऱ्यावर सर्वत्र माहीत आहे आणि मीही तो कधीतरी ऐकला होता. तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे. जो आकडा येईल तितके वाजता त्या दिवशी भरती. अमावास्येला आणि पौर्णिमेला बारा, प्रतिपदेला पाऊण, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुपारच्या भरतीसाठी जी वेळ येते, साधारण तीच रात्रीच्या भरतीचीही असते. या मुलीला चंद्राचे गुरुत्वाकर्षण, फुगवटा, परिवलन यांपैकी कशाचाही आधार न घेता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले होते आणि पहिल्या प्रश्नात तिनेही इतरांप्रमाणेच ‘चंद्र पाणी ओढतो’ एवढेच लिहिले होते. तिच्या घरातले ज्ञान आणि माझ्या पडद्यावरचे ज्ञान तिच्याच डोक्यात शेजारी-शेजारी बसले होते आणि त्यांची ओळख करून देण्याचे काम माझे होते.

पाठ पुन्हा घेण्याचा निर्णय मी त्याच दिवशी घेतला. भूगोलाचे तास पुढच्या पाठांसाठी हवे होते, म्हणून गणिताचे चार तास आणि कार्यानुभवाचे दोन असे जमवले. गणिताचे तास गेले याबद्दल मला अपराधी वाटले नाही, कारण पुढे जे झाले त्यात गणितच जास्त होते.

पंधरा दिवसांची नोंद

आषाढी अमावास्येपासून नारळी पौर्णिमेपर्यंत रोजच्या एका भरतीची वेळ मुलांनी स्वतः शोधायची, असे ठरले. गावठाणाच्या खाडीकडच्या बाजूला होड्या लागतात त्या धक्क्याला पायऱ्या आहेत. किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत हे मोजणे सोपे होते. एका ठरावीक जागेवरून दर दहा मिनिटांनी फोनने छायाचित्र घ्यायचे आणि सर्वांत कमी पायऱ्या ज्या छायाचित्रात दिसतील त्याची वेळ वहीत लिहायची, एवढीच कृती होती. पालकांची लेखी संमती घेतली, प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस असेल अशी अट घातली आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवर कोणीही उतरायचे नाही असे बजावले. पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर याबाबत कसलीही तडजोड करता येत नाही.

अडचण फोनची येईल असे वाटले होते आणि ती आलीच. माथाडी कुटुंबांत एखादाच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर पहाटेच बाजारात जातो. म्हणून प्रत्येकाने फोन आणावा ही कल्पना पहिल्याच दिवशी सोडून दिली आणि गट असे केले की प्रत्येक गटात संध्याकाळी उपलब्ध असलेला निदान एक फोन असेल. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्याकडे वही आणि घड्याळ दिले. प्रत्यक्षात नोंदीची शिस्त या वहीवाल्या मुलांनीच सांभाळली.

दुसरी अडचण मी आधी ओळखायला हवी होती, कारण ती पाऊणपटीच्या हिशोबातच दडलेली होती. पहिल्या आठवड्यात भरती दुपारपासून संध्याकाळपर्यंत सरकत गेली, तोवर सकाळच्या सत्रातली आमची मुले मोकळी होती. दशमीला मात्र हिशोब साडेसातचा आला. संध्याकाळी साडेसातला अंधार, सकाळी साडेसातला शाळा. पुढच्या तिथींना तर सकाळची भरती ऐन तासिकांमध्ये येणार होती. तेव्हा त्या मुलीच्या आजोबांनी सुनेचा फोन घेऊन धक्क्यावर बसण्याची तयारी दाखवली. त्यांच्या काही छायाचित्रांत अंगठा आला आहे, एकात तर केवळ आभाळ आहे. मात्र वेळा त्यांनी चोख पाळल्या. नारळी पौर्णिमेला शाळेला सुट्टी असल्याने शेवटची नोंद बहुतेक सगळा वर्ग हजर असताना झाली.

चंद्र दिसत नसल्याची उणीव स्टेलॅरियम या मोफत संगणक कार्यक्रमाने भरून काढली. त्यात आपले ठिकाण आणि वेळ घातली की ढगांआडचा चंद्र आकाशात नेमका कुठे आहे ते दिसते. रोज परिपाठानंतर दोन मिनिटे आम्ही आदल्या दिवशीच्या भरतीच्या वेळेचे आकाश पडद्यावर पाहत होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलांच्याच लक्षात आले की भरतीच्या वेळी चंद्र दर वेळी आकाशाच्या साधारण एकाच भागात असतो. चंद्र रोज उशिरा तिथे पोहोचतो म्हणून भरतीही रोज उशिरा येते, ही गोष्ट मला सांगावी लागली नाही. संगणकाने येथे जे केले ते दुसऱ्या कोणत्याही साधनाने, निदान जुलै-ऑगस्टमध्ये, झाले नसते.

आलेख वेडावाकडा का आला

पंधरा दिवसांच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरण्याचे काम मुलांनीच केले आणि त्यात पहिला आलेख साफ फसला. मुलांनी सव्वा वाजताची वेळ १.१५ आणि पावणेदोनची १.४५ अशी दशांश चिन्ह देऊन लिहिली होती. संगणकाने त्यांना साध्या दशांश संख्या मानले. त्यामुळे १.४५ ते २.०० हे अंतर पंधरा मिनिटांचे असूनही आलेखात पंचावन्न शतांशांची उडी दिसू लागली आणि रेषा जिन्यासारखी झाली. हा घोटाळा मी पाहताक्षणी दुरुस्त करू शकले असते. मी तो केला नाही आणि रेषा अशी का दिसते ते शोधायला सांगितले. पूर्ण एक तास त्यात गेला. तासाला साठ मिनिटे आणि रुपयाला शंभर पैसे, हा फरक दशांश अपूर्णांकांच्या पाठात कितीही वेळा सांगितला तरी असा अंगावर येत नाही. शेवटी एका गटाने सगळ्या वेळा दुपारी बारापासूनच्या मिनिटांत बदलल्या, सकाळच्या वेळा त्याच्या आदल्या मध्यरात्रीपासून मोजल्या, आणि रेषा सरळसर झाली.

त्याच कागदावर आम्ही आजोबांच्या हिशोबाची रेषा काढली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती तक्त्यातल्या, मुंबईच्या अपोलो बंदरासाठीच्या वेळाही मांडल्या. तीन रेषा जवळजवळ होत्या, पण एकमेकींवर नव्हत्या आणि खरा अभ्यास येथून सुरू झाला.

आमची रेषा तक्त्यातल्या रेषेच्या सतत थोडी वर होती, म्हणजे आमच्या धक्क्यावर पाणी अपोलो बंदरापेक्षा उशिरा भरत होते. अपोलो बंदर खुल्या समुद्राजवळ, आमचा धक्का खाडीत बराच आत. पाण्याला आत शिरायला वेळ लागतो, हे मुलांनी नकाशावर बोट फिरवून सांगितले. ही गोष्ट आजोबांनाही माहीत होती. ते म्हणाले, “बारा म्हंजे दर्याचे बारा. आपल्याकडं मागून येतं.”

आजोबांच्या रेषेत दुसराच दोष निघाला. तीस तिथींत भरतीची वेळ घड्याळाचे पूर्ण चोवीस तास फिरून येते. १,४४० मिनिटांना ३० ने भागले तर एका तिथीला ४८ मिनिटे येतात, पंचेचाळीस नव्हे. जुन्या मापात या नेमक्या दोन घटका होतात. पुस्तकातल्या पन्नास मिनिटांशीही याचा विरोध नाही, कारण तिथी सरासरीने सुमारे २३ तास ३७ मिनिटांची, म्हणजे आजच्या आणि उद्याच्या भरतीमधल्या २४ तास ५० मिनिटांपेक्षा थोडी लहान असते. पाऊण तास धरल्यामुळे दर तिथीला तीन मिनिटे मागे पडतात आणि पंधरा तिथींत ही तूट पंचेचाळीस मिनिटांची होते. हे एका मुलाने फळ्यावर मोठ्या उत्साहाने मांडले आणि वर्गात ‘म्हणजे आजोबा चुकले’ असा गलका झाला. ती मुलगी मान खाली घालून बसली. मला तो क्षण आवडला नाही. घरातले ज्ञान वर्गात आणायला सांगायचे आणि मग सगळ्यांसमोर त्याची चूक काढायची, हा व्यवहार फार घाईने झाला होता आणि त्याला मी जबाबदार होते.

दुसऱ्या दिवशी ती घरी विचारून आली. आजोबांचे उत्तर असे होते की पुनवेला पाऊणपट करतच नाहीत. अमावास्या आणि पुनव आली की पुन्हा बारा धरायचे आणि मोजणी नव्याने सुरू करायची. म्हणजे पंधरा तिथींत साठलेली तूट दर पंधरवड्याला आपोआप पुसली जाते. आलेखात ही गोष्ट करवतीच्या दात्यासारखी दिसते आणि तो दाता तिने स्वतः फळ्यावर येऊन काढून दाखवला. सोप्या गुणाकारासाठी थोडी चूक पत्करायची आणि ती वाढण्याआधी शून्यावर आणायची, ही युक्ती मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली.

तक्त्यातली रेषासुद्धा सरळ नव्हती, हे येथे थोडक्यात सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती रोज पाऊण तासापेक्षा कमी पुढे सरकते, अष्टमीनंतर भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असलेल्या दिवसांत तासाहूनही अधिक. सूर्याचा ओढा चंद्राच्या ओढ्यात मिसळल्याने असे होते. सातवीला यापेक्षा खोलात जाण्याची गरज नाही. मात्र सर्वांत मोठे उधाण नेमक्या अमावास्येला न येता एक-दोन दिवसांनी येते, हे मुलांनी बुडालेल्या पायऱ्या मोजूनच शोधले होते आणि ‘पुस्तकात तर अमावास्येला लिहिले आहे’ ही तक्रारही रीतसर नोंदवली होती.

मागे राहिलेली मुलगी

एवढे झाले तरी विरुद्ध बाजूच्या फुगवट्याचा प्रश्न तसाच होता. त्यासाठी मी मैदानाचा आणि एका फोनचा उपयोग केला. झेंड्याचा खांब म्हणजे चंद्र. त्याच्यासमोर एका रेषेत तीन मुली : खांबाजवळची म्हणजे चंद्राकडच्या बाजूचे पाणी, मधली म्हणजे पृथ्वी, सर्वांत लांबची म्हणजे पलीकडचे पाणी. चंद्राचा ओढा जवळ जास्त आणि लांब कमी, म्हणून प्रत्येक शिट्टीला जवळचीने खांबाकडे तीन पावले, मधलीने दोन आणि लांबचीने एक पाऊल टाकायचे. दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यातून एका मुलाने हे चित्रित केले.

वर्गात ते चित्रण पांढऱ्या फळ्यावरच प्रक्षेपित केले आणि प्रत्येक शिट्टीला थांबवून तिघींच्या जागा मार्करने टिपल्या. तिघीही खांबाकडेच जात होत्या, त्यामुळे मुलांना त्यात काही विशेष दिसले नाही. मग मधल्या मुलीची प्रत्येक खूण एकाखाली एक येईल अशा रीतीने त्या जागा वहीत पुन्हा मांडायला सांगितल्या, कारण आपण राहतो पृथ्वीवर आणि पाहतो तिच्यावरून. तशा मांडल्यावर जवळची मुलगी दर वेळी एका बाजूला आणि लांबची दुसऱ्या बाजूला तेवढीच सरकलेली दिसू लागली. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग कोयनेच्या धरणाबद्दल विचारणारा तोच मुलगा म्हणाला, “बाई, ती मागे गेली नाही, मागे राहिली.”

पलीकडच्या बाजूला पाणी का फुगते याचे यापेक्षा नेमके मराठी वाक्य मला सुचलेले नाही. पाठ्यपुस्तकात याच ठिकाणी केंद्रोत्सारी बलाचा, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूला केंद्रापासून बाहेर लोटणाऱ्या बलाचा विचार येतो. परीक्षेत तो शब्द लिहावा लागतो, म्हणून तोही शिकवला आणि दोन्ही मांडण्या एकाच गोष्टीच्या आहेत असे सांगितले.

मग मी त्याचा जुना प्रश्न वर्गापुढे ठेवला आणि तो तीन आठवडे माझ्याकडून राहून गेला होता हेही सांगितले. त्याने स्वतःच तीन मुलांना खांद्याला खांदा लावून उभे केले आणि म्हणाला की धरण एवढेसे आहे, त्याच्या दोन टोकांना चंद्र सारखाच ओढणार. तिघे सारखीच पावले टाकणार, मग फुगणार कोण? पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४० किलोमीटर आहे, तिच्यापुढे धरणाची लांबी काहीच नाही, एवढी भर मी घातली.

झडपांचे तळे

गावठाणातून परत येताना एका गटाने विचारले की खाडीचे पाणी एवढे वर येते तर ते गटारांतून आपल्या सेक्टरमध्ये का शिरत नाही. नवी मुंबईचा बराच भाग खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत भराव घालून वसवलेला आणि मोठ्या भरतीच्या पातळीच्या तुलनेत सखल आहे. म्हणून सिडकोने शहराची आखणी करताना खाडीकाठी धारण तलाव बांधले. त्यांच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीला खाडीकडच्या पाण्याच्या दाबाने त्या मिटतात आणि शहरातले पावसाचे पाणी तळ्यात साठत राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि तळे रिकामे होते. मुलांनी पुठ्ठ्याची झडप लावून दोन टबांत हे करून पाहिले. वाशीत लोक संध्याकाळी ज्या पाण्याकाठी फिरायला जातात ते मिनी सीशोअर असेच धारण तळे आहे, हे कळल्यावर त्यांना जरा फसवल्यासारखे वाटले.

याच तासाला २६ जुलै २००५ चा विषय निघाला. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस या मुलांच्या जन्माआधीचा. घरोघरी मात्र त्याच्या आठवणी आहेत. मी एवढेच सांगितले की त्या वर्षी गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती. मुलांनी दिवस मोजले : पाच. पाचाची पाऊणपट पावणेचार. त्या दुपारी भरती चारच्या सुमारास होती आणि पाऊस ऐन जोरात असताना पाण्याला समुद्रात जायला वाट नव्हती, हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती पहिल्या तासाच्या शांततेहून वेगळी होती.

नंतरच्या नोंदी

सहामाही परीक्षेत ‘दोन वेळा भरती का’ या प्रश्नाला बहुतेकांनी पलीकडच्या बाजूचे कारण लिहिले, काहींनी तीन मुलींच्या आकृतीसह. ‘मागे राहिली’ असे लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण द्यावेत की केंद्रोत्सारी बल हा शब्द नाही म्हणून अर्धा कापावा, यावर शिक्षक खोलीत चर्चा झाली. मी कापला नाही. वेळ मात्र सहा तासिका जास्त लागला आणि पुढचे दोन पाठ मला घाईने उरकावे लागले. ‘वारे’ या पाठात ती घाई गुणांमध्ये दिसली. प्रत्येक पाठ असा घेता येणार नाही. पहिल्या दिवशीच्या चित्रफितींपैकी बंदरातल्या होड्यांची चित्रफीत मी यंदाही दाखवणार आहे, कारण सहा तासांची घडामोड अर्ध्या मिनिटात पाहायला मिळते. निळ्या फुगवट्याची चित्रफीत मैदानावरच्या खेळानंतर दाखवीन, आधी नाही.

भरती तक्त्याचा जुलै ते डिसेंबरचा कागद वर्गाच्या भिंतीवर तसाच राहिला होता. नारळी पौर्णिमेनंतर एका मुलाने विचारले होते की तक्त्यात एकाच दिवसाच्या दोन भरतींपैकी दुपारच्या भरतीच्या उंचीचा आकडा रात्रीच्या आकड्यापेक्षा मोठा का असतो. त्या दिवशी मी म्हणाले होते की याचे उत्तर पृथ्वीच्या कललेल्या अक्षाशी जोडलेले आहे, ‘ऋतुनिर्मिती’च्या दुसऱ्या भागात पाहू. या वेळी प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवला आणि साफसफाईच्या पाळीतल्या मुलांना तो पुसायचा नाही असे सांगितले. डिसेंबरमध्ये परिपाठ चालू असतानाच तो मुलगा भिंतीपाशी उभा होता. अमावास्येच्या ओळीवर बोट ठेवून त्याने मला हाक मारली. रात्रीचा आकडा आता दुपारच्या आकड्यापेक्षा मोठा झाला होता.